१० एप्रिल १८४८: मोर्चाचा विनोद कसा झाला

गुरुवार, १३ एप्रिल १८४८. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये अर्ज-समितीने एक आकडा जाहीर केला: १९,७५,४९६. तीन दिवसांपूर्वी मताधिकारासाठी लढणाऱ्या चार्टिस्ट कामगारांचा राष्ट्रीय अर्ज या सभागृहात दाखल झाला होता आणि तो आणणारे खासदार फर्गस ओकॉनर यांनी त्यावर ५७ लाख ६ हजार सह्या असल्याचं सांगितलं होतं. समितीच्या मोजणीत त्यातल्या जेमतेम तिसरा हिस्सा निघाल्या. वर त्यांत खुद्द राणी, ड्यूक ऑफ वेलिंग्टन, सर रॉबर्ट पील यांची नावं होती, आणि ‘नकट्या’, ‘चपटनाक्या’ छापाची टोपणनावंही. ओकॉनर म्हणाले होते अर्जाचं वजन पाच टन. काट्यावर भरलं २९० किलोच्या आसपास. सभागृह पोट धरून हसलं. वर्तमानपत्रांनी तो हशा देशभर पोचवला, व्यंगचित्रकारांनी चितारला, आणि दोन वर्षांनी एका सहृदय पाद्र्याने तो कादंबरीत नेऊन कायमचा केला.

‘चार्टिस्ट चळवळ १० एप्रिल १८४८ला हास्यास्पद होऊन संपली’ हे वाक्य पुढे पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या पुस्तकांत राहिलं. ते खरं नाही. पण ते इतकं पक्कं कसं बसलं, हा या प्रकरणाचा विषय. व्हिक्टोरियन पत्रकारितेने आणि कथासाहित्याने कामगारांच्या राजकीय आंदोलनाचं चित्र कसं रंगवलं याची उदाहरणं पुष्कळ आहेत, पण सगळी यंत्रणा एकाच दिवसाभोवती कामाला लागलेली पाहायची तर हाच दिवस घ्यावा लागतो.

आधी भीती

पार्श्वभूमी थोडक्यात. १८३२च्या सुधारणा कायद्याने मध्यमवर्गाला मत मिळालं. कामगार बाहेरच राहिले. इंग्लंड-वेल्समध्ये फार तर पाच प्रौढ पुरुषांत एकाला मताधिकार होता. १८३८च्या ‘पीपल्स चार्टर’मध्ये सहा मागण्या होत्या: सर्व प्रौढ पुरुषांना मत, गुप्त मतदान, खासदारकीसाठी मालमत्तेची अट रद्द, खासदारांना वेतन, समान मतदारसंघ आणि दरवर्षी नवी संसद. १८३९ला १२ लाख ८० हजार सह्यांचा अर्ज गेला, फेटाळला. १८४२ला ३३ लाखांचा गेला, तोही फेटाळला. त्या दुसऱ्या अर्जाविरुद्ध बोलताना मेकॉलेने सार्वत्रिक मताधिकार आणि सुसंस्कृत समाज हे एकत्र नांदूच शकत नाहीत, असं ठणकावलं. हे तेच गृहस्थ ज्यांचा १८३५चा शिक्षणविषयक मसुदा आपल्याकडे अजून गाजतो. आपल्याच देशातल्या विणकराबद्दल त्यांचं मत काय होतं, तेही माहीत असलेलं बरं.

फेब्रुवारी १८४८मध्ये पॅरिसमध्ये क्रांती झाली. राजा लुई फिलिप पळून इंग्लंडला आला. मार्चमध्ये लंडनच्या ट्रफाल्गर चौकात आणि ग्लासगोत दंगली झाल्या. तिसऱ्या अर्जासाठी चार्टिस्टांनी तारीख धरली १० एप्रिल: थेम्सच्या दक्षिणेला केनिंग्टन कॉमन या मैदानावर सभा आणि तिथून पूल ओलांडून संसदेवर मोर्चा.

आदल्या आठवड्यातला लंडनचा नूर पाहिला की पुढचा हशा कळतो. ८ एप्रिलला राणी आणि तिचा परिवार आइल ऑफ वाइट बेटावर हलवला गेला. वॉटर्लूच्या लढाईचा विजेता वेलिंग्टन, वय वर्षं ७८, शहराच्या संरक्षणाची आखणी करायला बसला. हजारो सैनिक शहरात आणले, पण रस्त्यावर एक दिसणार नाही असे आडोशाला ठेवले. बँक ऑफ इंग्लंडच्या छतावर वाळूच्या गोण्या रचल्या गेल्या. विजेची तारयंत्रणा सरकारने ताब्यात घेतली. परराष्ट्र खात्यातल्या कारकुनांच्या हाती बंदुका दिल्या, आणि तळमजल्याच्या खिडक्या ‘द टाइम्स’च्या बांधीव अंकांनी बंद केल्या, असं सांगतात. हा तपशील मला फार आवडतो. ‘टाइम्स’चा इतका थेट उपयोग सरकारने क्वचितच केला असेल.

शिवाय खास शिपाई. दुकानदार, कारकून, वकील, जमीनदारांचे नोकर यांना शपथ देऊन पांढरा पट्टा आणि दंडुका देण्यात आला. लंडनमध्ये आसऱ्याला असलेला लुई नेपोलियन, पुढचा फ्रान्सचा सम्राट, हाही त्या दिवशी दंडुका घेऊन उभा होता. अशा शिपायांची संख्या किती? तेव्हाच्या पत्रांनी दीड लाखाचे, त्याहूनही मोठे आकडे छापले. इतिहासकार डेव्हिड गुडवे यांनी नंतर हिशेब केला तेव्हा तो ८५,०००च्या आसपास आला.

हा आकडा जरा लक्षात ठेवू.

प्रत्यक्ष दिवस

सोमवारी सकाळी चार्टिस्टांचे जथे लंडनच्या वेगवेगळ्या भागांतून निघाले. अर्जाचे गठ्ठे सजवलेल्या घोड्यांच्या गाड्यात होते, मागच्या गाड्यात पुढारी. मैदानावर पोचताच पोलीस आयुक्त रिचर्ड मेन यांनी ओकॉनरना शेजारच्या हॉर्न्स टॅव्हर्नमध्ये बोलावून सांगितलं: सभा घ्या, पण मोर्चा पूल ओलांडणार नाही. पलीकडच्या बाजूला तोफा आणि सैन्य आहे हे ओकॉनरना ठाऊक होतं. ते परत येऊन गाडीवर चढले आणि लोकांना शांतपणे घरी जायला सांगितलं. अर्ज तीन भाड्याच्या घोडागाड्यांत घालून संसदेकडे पाठवला. दुपारी पाऊस आला. पुलांवर काही ठिकाणी पोलिसांशी ढकलाढकली झाली, बाकी दिवस निभावला.

म्हणजे घटना अशी: सरकारने मोर्चाला बंदी घातली, बंदीमागे सैन्य उभं केलं, आणि निःशस्त्र जमावाने रक्तपात टाळला. याला भेकडपणा म्हणायचं की शहाणपण, यावर चार्टिस्टांमध्येच तेव्हा वाद झाला. अजूनही होऊ शकतो. पण यात हसण्यासारखं काय होतं?

त्या दुपारची छायाचित्रं आहेत, हे या प्रकरणातलं मोठं नशीब. रीजंट स्ट्रीटवर स्टुडिओ असलेल्या विल्यम किलबर्न याने उंचावरून मैदानाच्या डॅगेरोटाइप पट्ट्या (धातूच्या पत्र्यावर उमटवलेली छायाचित्रं) घेतल्या. गर्दीची इतकी जुनी छायाचित्रं जगात फारशी नाहीत. त्यात दिसतात पाठमोरे लोक. डोक्यावर हॅट, अंगात कोट, बरेचसे ठेवणीतल्या कपड्यांत आलेले. लांबवर पुढाऱ्यांची गाडी, झेंडे, आणि मागे गंधकाम्लाच्या कारखान्याचं धुराडं. कुणाच्या हाती भाला नाही, कुणी धावत नाही. सभेला आलेली माणसं सभा ऐकताहेत, बस. या पट्ट्या राणीच्या नवऱ्याने, प्रिन्स अल्बर्टने, विकत घेतल्या आणि त्या राजघराण्याच्या संग्रहात गेल्या. लोकांपर्यंत पोचलं ते ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मधलं लाकडी ठशाचं चित्र, आणि त्याहून जास्त पोचली ती ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकातली व्यंगचित्रं.

कुणाची मोजणी झाली

गर्दी किती होती? पंतप्रधान लॉर्ड जॉन रसेल यांनी त्याच दिवशी राणीला कळवलं: १२ ते १५ हजार, सभा साफ फसली. चार्टिस्टांचं ‘नॉर्दर्न स्टार’ म्हणालं अडीच लाख. ओकॉनर त्याहून दुप्पट वर गेले. गुडवे यांचा अंदाज दीड लाखाच्या आसपास आहे. शिवाजी पार्कच्या सभांचे आयोजकांचे आणि पोलिसांचे आकडे वर्षानुवर्षं वाचणाऱ्या आपल्या वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही.

नवल आहे ते दुसरीकडे. त्या एका दिवसाचे तीन मोठे आकडे होते: खास शिपाई, सभेतले लोक आणि अर्जावरच्या सह्या. पहिला फुगवलेला होता आणि तो तेव्हा कुणीही तपासला नाही. दुसरा सरकारने दाबला आणि तो तसाच छापला गेला. तपासणी झाली फक्त तिसऱ्याची, तीही एका रात्रीत कारकून बसवून.

त्या तपासणीचाच जरा हिशेब मांडू. समितीच्या म्हणण्याप्रमाणे १३ कारकून १७ तासांहून थोडा जास्त वेळ बसले होते. १३ गुणिले १७ म्हणजे २२१ माणूस-तास. १९,७५,४९६ला २२१ने भागलं की दर कारकुनामागे तासाला ८,९००हून जास्त सह्या, मिनिटाला सुमारे १४९, सेकंदाला अडीच. न जेवता, न उठता, पान न उलटता. आणि याच वेगात त्यांनी खोटी नावं हुडकली, एकाच हाताने भरलेली पानं वेगळी काढली, शिवाय दर लाखात ८,२०० बायकांच्या सह्या आहेत असंही शोधून काढलं! बहुधा काही गठ्ठे मोजून बाकीच्यांचा अंदाज बांधला असणार. अंदाज बांधण्यात पाप नाही. पण मग १९,७५,४९६ मधला शेवटचा सहा कुठून आला? तेरा कारकुनांना एवढ्या सह्या मोजता येणं शक्य नाही, असं ओकॉनर त्याच दिवशी सभागृहात म्हणाले होते. कुणी ऐकलं नाही, कारण तोवर विषय त्यांच्या खोटेपणाचा झाला होता. समितीचा सदस्य क्रिप्स आणि त्यांची इतकी जुंपली की गोष्ट द्वंद्वयुद्धाच्या बेतापर्यंत गेली.

एकाच हस्ताक्षरातल्या सह्यांचं काय? त्या दशकात इंग्लंड-वेल्समधले सुमारे एक तृतीयांश नवरदेव आणि निम्म्याच्या आसपास नवऱ्यामुली लग्नाच्या नोंदवहीत सहीऐवजी फुली मारत. ज्याला लिहिता येत नाही तो शेजाऱ्याला म्हणणार, ‘माझं नाव घाल.’ गिरणीत मालकाला कळलं तर काम जाईल, म्हणून टोपणनाव घालणारेही असणार. रस्त्यात मेजावर ठेवलेल्या कागदावर टवाळ पोरांनी आणि चळवळीच्या विरोधकांनी राणीचं नाव टाकलं असणार, हेही उघड आहे. समितीने या सगळ्याला एकच नाव दिलं: लबाडी.

ओकॉनरचीही बाजू घेण्याचं कारण नाही. फुगवलेले आकडे सांगून त्यांनी विरोधकांच्या हाती आयतं कोलीत दिलं. समितीचाच आकडा धरून, त्यातून आणखी निम्मा वगळला, तरी जवळजवळ दहा लाख माणसं उरतात. त्यांच्या मागणीवर चर्चा व्हायला हवी होती. ५७ लाखांची बढाई मारल्यामुळे ती टाळणं सोपं गेलं. अर्ज आज शिल्लक नाही, त्यामुळे फेरमोजणी कधीच होणार नाही.

‘पंच’ आणि एक काळा शिंपी

‘पंच’बद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी. हे साप्ताहिक मुळात गरिबांचं वैरी नव्हतं. १८४३च्या नाताळात त्यानेच टॉमस हुडची शिवणकाम करणाऱ्या बाईवरची कविता छापली होती, जिने अख्खा इंग्लंड हळहळला. मेणबत्तीच्या उजेडात डोळे फोडणारी बाई ‘पंच’ला चालत होती. तिच्याच धंद्यातला शिंपी उठून ‘मला मत द्या’ म्हणाला की मात्र तो विदूषक होई. जॉन लीचने चितारलेला शस्त्रं चढवणारा चार्टिस्ट असाच हास्यास्पद आहे. लीच खास शिपायांचीही टिंगल करतो, हे खरं. पण ती घरातल्या माणसाची थट्टा आहे. खास शिपाई बायकोच्या धाकातला, गुबगुबीत, आपला. चार्टिस्ट परका.

हे परकेपण सर्वांत जास्त कुणाच्या वाट्याला आलं तर विल्यम कफी यांच्या. जन्म १७८८, चॅटम. वडील कॅरिबियनमधल्या सेंट किट्सचे, गुलामीतून आलेले. कफी उंचीने जेमतेम पाच फूट, धंद्याने शिंपी. १८३४च्या शिंप्यांच्या संपात उतरले आणि काम गमावून बसले. १८४८पर्यंत ते लंडनच्या चार्टिस्टांचे एक प्रमुख पुढारी होते आणि १० एप्रिलच्या मिरवणुकीची व्यवस्था पाहणाऱ्या समितीचे अध्यक्ष. ‘टाइम्स’ने लंडनच्या चार्टिस्टांची संभावना ‘तो काळा माणूस आणि त्याची टोळी’ अशी केली. ‘पंच’ला तर त्यांचं नावच हसण्यासाठी पुरे झालं.

एप्रिलमध्येच सरकारने घाईने राजद्रोहाचा नवा कायदा करून घेतला, ‘ट्रीझन फेलनी’चा. ऑगस्टमध्ये कफी आणि त्यांच्या साथीदारांना अटक झाली. मुख्य पुरावा पॉवेल नावाच्या पोलिसांच्या हेराचा. (हा कायदा आपल्याला अगदीच परका नाही. भारतीय दंड संहितेत १८७० साली आलेलं कलम १२१-अ त्याच घराण्यातलं, आणि १९२९च्या मेरठ खटल्यात डांगे, मिरजकर, घाटे, निंबकर, जोगळेकर या मुंबईच्या कामगार पुढाऱ्यांवर हेच कलम लावलं होतं.)

ओल्ड बेलीच्या कोर्टात कफी आधी म्हणाले, मॅग्ना कार्टाप्रमाणे माझा न्याय माझ्या बरोबरीच्यांनी करावा; ही ज्युरी माझ्या बरोबरीची नाही. शिक्षेआधी बोलू दिलं तेव्हा ते वर्तमानपत्रांवर घसरले. या देशातल्या, आणि मला वाटतं दुसऱ्या देशांतल्याही, वर्तमानपत्रांनी मला उपहासाखाली गुदमरवण्यासाठी शक्य ते सगळं केलं, असं त्यांनी भर कोर्टात सांगितलं. दया मागत नाही, हेही सांगितलं. साठ वर्षांच्या शिंप्याने आपल्यावर कोणतं हत्यार चालवलं गेलं हे नेमकं ओळखलं होतं: तुरुंगाच्या आधी हशा.

जन्मठेप, काळं पाणी, टास्मानिया. त्याच वर्षीच्या डिसेंबरात विल्यम थॅकरे याने ‘पंच’मध्ये नाताळच्या गाणाऱ्यांवर एक विडंबन लिहिलं, त्यातला एक गाणारा कफी. हद्दपार झालेल्या माणसावरही विनोद संपला नव्हता. १८५६मध्ये माफी मिळाली, पण कफी परतले नाहीत. तिकडेच कामगारांसाठी बोलत राहिले आणि १८७०मध्ये होबार्टच्या निराधारांच्या आश्रयगृहात वारले.

पाद्र्याची कादंबरी

इथपर्यंतची गोष्ट विरोधकांची. ती समजायला सोपी आहे. अवघड भाग पुढचा, कारण तो मित्रांचा आहे.

चार्ल्स किंग्सले, हॅम्पशरमधल्या एव्हर्स्ली गावचा पाद्री, तेव्हा तिशीच्या आत. १० एप्रिलला तो मुद्दाम लंडनला आला आणि मैदानाकडे निघाला, पण पोचण्याआधीच सभा पांगल्याचं कळलं. दोन दिवसांनी त्याने लंडनच्या भिंतींवर ‘इंग्लंडच्या कामगारांनो’ अशी सुरुवात असलेलं पत्रक लावलं, खाली सही ‘एक कामकरी पाद्री’. मजकुराचा रोख असा: चार्टरने तुम्ही मुक्त व्हाल का? लाच, बिअर आणि जिन यांच्या गुलामीतून तो तुम्हाला सोडवेल का? प्रेम खरं, पण सूर गावच्या पाटलाचा.

१८५०मध्ये त्याची ‘अल्टन लॉक’ ही कादंबरी आली. नायक शिंपी आणि कवी, निवेदन त्याच्याच तोंडून. किंग्सलेने चार्टिस्ट कवी टॉमस कूपर यांच्यासारखी माणसं जवळून पाहिली होती, आणि हेन्री मेह्यूने ‘मॉर्निंग क्रॉनिकल’मध्ये लिहिलेली शिंपीकामाची भयानक वर्णनं त्याने वाचली होती. कादंबरीतला शिवणकामाचा भाग अजूनही अंगावर येतो. कोंदट खोल्या, अंगावरचे कपडे गहाण पडल्यामुळे बाहेरही जाता न येणारे कारागीर, तापाने मेलेल्यांच्या अंगावर पांघरलेला कोट, आणि तोच कोट पुढे नायकाच्या सुखवस्तू चुलतभावाच्या अंगावर जाऊन त्याचा जीव घेतो. स्वस्त कपड्याची किंमत कोण मोजतं हे इतक्या थेटपणे सांगणारं त्या काळात दुसरं क्वचितच काही असेल.

मग येतं ‘दहा एप्रिल’ या नावाचं प्रकरण. आणि इथे लेखकाचे डोळे एकदम मिटतात. जे मैदान त्याने पाहिलं नव्हतं त्याचं वर्णन चार्टिस्ट नायकाच्या तोंडून येतं, आणि त्यातला तपशील वर्तमानपत्रांतल्या चित्राशी मिळताजुळता. लाखोंची म्हणवलेली सभा जेमतेम हजारांत निघाली, तीही बऱ्याच अंशी उडाणटप्पूंची. ओकॉनरने ऐन वेळी कच खाल्ली. आमच्या खुळेपणावर पाणी ओतायला आभाळच दयाळूपणे मदतीला आलं. अर्ज भाड्याच्या गाडीतून केविलवाणा सरपटत गेला आणि संसदेत हशा पिकला. कफींचा उल्लेख त्यातल्या त्यात मायेचा आहे: तिथला सर्वांत प्रामाणिक वक्ता, शहाणा नसला तरी.

हे वाक्य ‘पंच’ने लिहिलं असतं तर वाचक म्हणाला असता, यांचं काय, हे बोलणारच. इथे ते ‘आम्ही’ या शब्दात येतं. ‘आमचा खुळेपणा’. कामगाराची कबुलीच ती! किंग्सलेच्या सहानुभूतीने चळवळीचं ‘पंच’पेक्षा जास्त नुकसान केलं, असं माझं स्पष्ट मत आहे. व्यंगचित्र आठवड्यात जुनं होतं. पश्चात्तापाच्या सुरात सांगितलेली आत्मकथा पुस्तकांच्या कपाटात राहते.

पुढे कथानकातही तेच. त्या दिवसानंतर अल्टन तापाने फणफणतो, भ्रमात स्वप्नं पाहतो, आणि शुद्धीवर येतो तो एका उमराव बाईच्या धर्मोपदेशाने नवा माणूस होऊन. राजकारण हा जणू आजार होता, तो उतरला. नायक शेवटी अमेरिकेच्या वाटेवर बोटीतच मरतो. म्हणजे जिवंत, निरोगी आणि अजूनही मत मागणारा कामगार पुस्तकाच्या शेवटी उरत नाही.

जॉन बार्टन काय सांगायला गेला होता

एलिझाबेथ गॅस्केलची ‘मेरी बार्टन’ ऑक्टोबर १८४८मध्ये आली, म्हणजे त्याच वर्षी. पण तिच्यातला अर्ज १८३९चा. गॅस्केल मँचेस्टरमध्ये राहत होती आणि तिला घरं ठाऊक होती: ओलसर तळघरं, रिकामे डबे, एका कपड्यात झोपलेली पोरं. जॉन बार्टन हा गिरणी कामगार अर्ज घेऊन लंडनला जाणाऱ्या प्रतिनिधींपैकी. निघण्याच्या आदल्या रात्री शेजारीपाजारी त्याच्याकडे येऊन निरोप देतात. एक म्हणतो यंत्रं मोडायला सांग. एक विधवा म्हणते, माझा पोरगा उपाशी आहे आणि कायदा त्याला कामावर जाऊ देत नाही. म्हातारा जॉब ली खुल्या व्यापाराबद्दल सांगतो. प्रसंग जिवंत आहे, थोडा विनोदीही. पण त्यात एक गोष्ट नाही. त्या सहा मागण्यांपैकी एकीवरही कुणी बोलत नाही! चार्टिस्टांचा अर्ज आणि त्यात मताचा विषय नाही. वाचकाला वाटावं, ही माणसं संसदेकडे भाकर मागायला निघालीत.

हा फेरफार जाणूनबुजून केला असं मी म्हणणार नाही. गॅस्केलला भूक दिसत होती, तिने भूक लिहिली. पण त्या काळच्या सहृदय कादंबरीची हद्दच ती होती: दुःख मान्य, मागणी अमान्य. उपाशी माणसाची दया येते. तोच माणूस ‘कायदे करायला मी बसतो’ म्हणाला की त्याच्या हाती पिस्तूल द्यावं लागतं. बार्टन पुढे अफूच्या आहारी जातो आणि मालकाच्या मुलाचा खून करतो.

तरीही किंग्सलेपेक्षा गॅस्केल उजवी. लंडनहून परतलेल्या बार्टनला शेजारी विचारतात, काय झालं? संसदेने ऐकून घ्यायलाच नकार दिला, तो अपमान मरेपर्यंत मनात राहील, याहून जास्त तो बोलत नाही. त्याआधी सांगतो तो रस्त्यातला एक प्रसंग. राणीच्या दरबाराला निघालेल्या श्रीमंतांच्या गाड्यांना वाट करून देण्यासाठी पोलिसाने त्यांना दंडुका मारला आणि कारण विचारल्यावर म्हणाला, तुम्ही या साहेब-मडमांना त्रास देऊ नये हे पाहणं आमचं काम. बस, एवढंच. इथे हशा नाही आणि कबुलीही नाही. १८४९मध्ये ‘एडिंबरो रिव्ह्यू’त डब्ल्यू. आर. ग्रेगने गॅस्केलवर मालकांवर अन्याय केल्याचा ठपका ठेवला. कादंबरीने कुठेतरी नेमकं बोट ठेवलं असणार.

त्यांच्या स्वतःच्या पानांवर

चार्टिस्टांना हे सगळं कळत नव्हतं असं नाही. त्यांचं ‘नॉर्दर्न स्टार’ १८३७मध्ये लीड्समध्ये सुरू झालं. १८३९च्या भरात त्याचा खप आठवड्याला ३५ हजारांच्या पुढे होता, आणि एक अंक दारूच्या गुत्त्यात, कारखान्याच्या आवारात मोठ्याने वाचला जाई, त्यामुळे ऐकणारे कितीतरी जास्त. पण प्रत्येक अंकावर सरकारी मुद्रांक-कर, त्यामुळे किंमत साडेचार पेन्स; कामगाराच्या खिशाला ही चैन होती. १८४८पर्यंत खप बराच उतरला होता. ज्या आठवड्यात स्वतःची बाजू देशभर पोचवायची गरज सर्वांत जास्त होती, त्या आठवड्यात आवाज सर्वांत लहान होता. मुद्रांक-कर गेला १८५५मध्ये. त्याआधीच, १८५०मध्ये, ट्रफाल्गर चौकातल्या मार्चच्या सभेचे अध्यक्ष जी. डब्ल्यू. एम. रेनल्ड्स यांनी स्वतःचं साप्ताहिक काढलं आणि ते प्रचंड चाललं. सनसनाटी गुन्हेकथा आणि जहाल राजकारण एकाच पानावर कसं नांदवायचं हे त्यांना चांगलं जमलं होतं. सुशिक्षितांनी नाकं मुरडली.

३१ मार्च १८४९पासून ‘नॉर्दर्न स्टार’मध्ये टॉमस मार्टिन व्हीलर या चार्टिस्ट कार्यकर्त्याची ‘सनशाइन अँड शॅडो’ ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. व्हीलरचं म्हणणं सरळ होतं: विरोधक कथेतून आपलं चित्र रंगवताहेत आणि आपण हे साधन वापरलेलंच नाही. त्याचा नायक आर्थर मॉर्टन १८३९मध्ये बर्मिंगहॅमच्या बुल रिंगमध्ये भाषण करतो, आगीचा आळ येतो, देशाबाहेर पळतो, परततो, पुन्हा चळवळीत पडतो. लेखन ठिकठिकाणी भाबडं आहे, योगायोग भरमसाट, मध्येच लेखक कथा सोडून इतिहास सांगू लागतो. गॅस्केलचं एक पान त्याच्या दहा पानांना भारी. पण मॉर्टन हरतो, परागंदा होतो, घरादाराची धूळधाण पाहतो आणि तरी मत बदलत नाही. ताप येऊन शहाणा झालेला नायक त्याला नको होता.

सहा मागण्यांपैकी पाच पुढे कायद्यात आल्या. मालमत्तेची अट १८५८मध्ये गेली, गुप्त मतदान १८७२मध्ये आलं, खासदारांचं वेतन १९११मध्ये. सर्व प्रौढ पुरुषांच्या मताला १९१८ उजाडलं. केनिंग्टन कॉमनला मात्र इतका वेळ लागला नाही. ते मैदान कुंपण घालून १८५४मध्ये बाग म्हणून उघडलं, आणि १८५१च्या जागतिक प्रदर्शनासाठी प्रिन्स अल्बर्टने बांधवून घेतलेली कामगारांची नमुना घरं तिथे आणून उभी केली.

‘अल्टन लॉक’च्या आवृत्त्या व्हिक्टोरियन काळात निघत राहिल्या, अभ्यासक्रमांत तिला जागा मिळाली. व्हीलरची कादंबरी ५ जानेवारी १८५०ला संपली आणि वर्तमानपत्राच्या फायलीत राहिली. पुस्तकाच्या रूपात ती अभ्यासकांच्या हाती आली १९९९मध्ये.